धाकाची चोरवाट

संगणकावरच्या चोरीचे खरे चित्र पडद्यावर फार उशिरा आले. कैक वर्षे मालिकांतला हॅकर हा मांत्रिकच होता. काळ्या पडद्यावरून हिरवी अक्षरे धावायची, त्याची बोटे नाचायची आणि अर्ध्या मिनिटात तिजोरी उघडी पडायची. 'एनसीआयएस' या अमेरिकी मालिकेत तर दोघांनी मिळून एकाच कीबोर्डवर हात चालवून हल्ला परतवायचा प्रयत्न केला. जाणकार हसले. आपण मात्र हे सारे निमूट मानले, कारण मांत्रिकाची आपल्याला सवय जुनी. विद्या थोड्यांची, गुप्त, बाकीच्यांनी तिला हात लावू नये आणि प्रश्नही विचारू नये, हे या समाजाने आपल्यातल्या बहुसंख्यांच्या मनावर शतकानुशतके बिंबवले आहे. पोथीच्या जागी संगणक आला, समजूत तीच राहिली.

२०१५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'मिस्टर रोबॉट'ने हा मांत्रिक जमिनीवर आणला. मालिकेचे निर्माते सॅम इस्मेल यांनी संगणक सुरक्षाक्षेत्रातले जाणकार सल्लागार म्हणून सोबत घेतले आणि पडद्यावर दिसणारी आज्ञावलीही खरी असावी असा आग्रह धरला. पण त्या मालिकेचा खरेपणा मला आज्ञावलीत तेवढा दिसत नाही. पहिल्याच भागात हॅकर नायक एलियट एका माणसाला बँकेच्या फसवणूकविरोधी विभागातून बोलतो आहे असे भासवून फोन करतो, खातरजमा म्हणून आवडता बेसबॉल संघ आणि पाळीव प्राण्याचे नाव विचारतो आणि तेवढ्या पुंजीवर पासवर्ड हुडकायला बसतो. पुढे स्टील माउंटन नावाचे, अभेद्य म्हणून मिरवणारे माहितीकेंद्र येते. तिथे पाहुण्यांना इमारत दाखवणारा बिल हार्पर हा साधा नोकर आहे. एलियट त्याला तोंडावर सांगतो की तू कुणीच नाहीस, मेलास तरी कुणाला कळायचे नाही. जा, कुणी महत्त्वाचे असेल त्याला बोलाव. बिलचा चेहरा पडतो, आणि तो खरोखरच वरिष्ठांना बोलवायला निघतो. त्या अभेद्य इमारतीची वाट अशी एका माणसाच्या अपमानातून निघते. हा प्रसंग आपण परदेशी करमणूक म्हणून पाहिला, वाहवा केली. गाडीतून उतरून 'ओळखत नाहीस मला?' म्हणणाऱ्याला आपल्या सोसायटीचा वॉचमन आत सोडतो तो कशामुळे? मागच्या खेपेला कुणाला तरी अडवल्याबद्दल आपणच त्याला चारचौघांत झापलेले असते.

२०२० साली सौमेंद्र पाढी यांची 'जामताडा' ही मालिका आली आणि परकेपणाची सबबही उरली नाही. झारखंडमधली जेमतेम शिकलेली पोरे, हातात मोबाइल आणि कुणाकुणाच्या नावची सिमकार्डे. तंत्र म्हणावे असे त्यात फारसे काही नाही. आहे ती पाठ केलेली दरडावणी. कार्ड बंद होणार आहे, आकडा सांगा, लगेच सांगा. याच जामताडा जिल्ह्यातल्या करमाटाड गावी समाजसुधारक ईश्वरचंद्र विद्यासागर आयुष्याची शेवटची अनेक वर्षे संथाळांत राहिले, त्यांना औषध देत आणि शिकवत राहिले. तिथल्या रेल्वे स्थानकाला आज त्यांचेच नाव आहे. त्यांनी सुरू केलेले काम अर्ध्यावर टाकून देणारे आपणच, आणि आज त्याच जिल्ह्याचे नाव शिवीसारखे उच्चारणारेही आपणच.

पण चोरी करणारी पोरे गरिबीतून घडली असतील, तर बळी कोणी घडवला? आपण. मोठ्यांना उलट विचारायचे नाही, साहेबांपुढे मान वर करायची नाही, पोलीस दारात येणे म्हणजे अब्रू जाणे, हे आपण संस्कार म्हणून पोरांच्या गळी उतरवतो. फोनवर कुणी हिंदीतून जरब दिली की पासष्टीची बाई पदर सावरून उभीच राहते. तिच्या खात्याचा व्यवहार जन्मभर नवऱ्याने पाहिला, पुढे मुलाने. 'तुला काय कळतंय त्यातलं' या चार शब्दांत तिचे सारे शिक्षण आटोपले. मग ती एटीएमच्या दारात कार्ड परक्याच्या हाती देते आणि चार आकडे मोठ्याने सांगते, मागची सगळी रांग ऐकते. तिला अडाणी म्हणणारा मुलगा पदवीधर असतो, आणि त्याला शिकवायला कधी वेळ झालेला नसतो.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रुपये दोन-तीन दिवसांत गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. त्या बँकेला कुणी बावळट म्हटले नाही, आणि ते योग्यच. तज्ज्ञ आले, तपास झाला, सहानुभूती मिळाली. तेच एखाद्या निवृत्त मास्तरांच्या बाबतीत घडले की घरात पहिला प्रश्न येतो, 'एवढं शिकून असं कसं केलंत?' पोलीस असल्याचे भासवून माणसाला व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवणारी 'डिजिटल अटक' नावाची गोष्ट कायद्यात नाही, हे २०२४ च्या ऑक्टोबरात खुद्द पंतप्रधानांना 'मन की बात'मधून सांगावे लागले. तरीही म्हातारी माणसे कॅमेऱ्यासमोर तासन्‌तास बसून राहतात आणि पलीकडच्या खोलीतल्या सुनेला हाक मारत नाहीत. चोराने गप्प बसायला बजावलेले असते हे खरे. पण त्याच्या धाकाला घरातल्या बोलण्याची भीती येऊन मिळते. ती भीती पेरणाऱ्यांत मी आहे, तुम्ही आहात.

सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या १९३० या क्रमांकावर तातडीने कळवले तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता बरीच असते. तासागणिक ती घटते, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाचव्यात जात राहते. आणि नेमके हेच तास आपल्या घरांत लपवण्यात जातात. मास्तर पासबुक उशीखाली ठेवतात, जेवायला बसतात, काही झालेच नाही असे दाखवतात. धाक शिकवून आला आहे, तेव्हा तो न शिकवणेही आपल्याच हातात आहे, आणि त्याला कुठल्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. रात्रीच्या जेवणात आईला खात्यात किती आहेत ते सांगावे, पिन तिचा तिला ठरवू द्यावा, वॉचमनने अडवले तर थांबून नाव सांगावे. आणि पैसे गेल्याचे कुणी सांगितलेच, तर 'कसे गेले' हे विचारण्याआधी त्याच्या हातात फोन देऊन १९३० लावावा.