देश पाहून दार लावू नका : आपटा परिसरातील खातेदारांचे मागणीपत्र

प्रति,
जमीन-महसुलाची संकेतस्थळे चालवणारी शासकीय कार्यालये

विषय : स्पॅम रोखण्यासाठी परदेशी वापरकर्त्यांवर सरसकट बंदी घालू नये याबाबत.

महोदय,

आम्ही पाताळगंगेकाठच्या आपटा व आसपासच्या वाड्यांतले खातेदार. आमच्यातल्या बऱ्याच घरांतली पोरे आखातात नोकरीला आहेत आणि सातबाऱ्यावर त्यांचीही नावे आहेत. जमिनीवरचे त्यांचे लक्ष मोबाइलवरूनच असते. अलीकडे काही शासकीय संकेतस्थळे तिकडून उघडत नाहीत. पान नुसते फिरत राहते आणि शेवटी कोरे पडते. बंदी आहे असे कुठेच लिहिलेले नसते. तिकडे पोरगा वायफायला शिव्या देतो, इकडे आम्ही ‘सर्व्हर डाउन असेल’ म्हणून गप्प बसतो. कोणती संकेतस्थळे, ते तारखांसह सोबतच्या यादीत दिले आहे.

फेरफाराची नोंद धरली की हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला 15 दिवस मिळतात. या नोटिसा घरबसल्या दिसाव्यात म्हणूनच तर ‘आपली चावडी’ हा डिजिटल फलक निघाला. पनवेल तालुक्यात विमानतळ आल्यावर जमिनीचे भाव कुठे गेले, हे आपल्याला सांगायला नको. अशा दिवसांत नोटिशीचे पान दोन आठवडे दिसले नाही, तर हरकतीचा हक्क कागदावरच राहतो.

स्पॅमचा त्रास आम्हाला कळतो. तक्रारीच्या रकान्यात जुगाराच्या लिंका येतात, कुणाचेही नंबर टाकून बॉट ओटीपी मागवत राहतात आणि त्या एसएमएसचा खर्च सरकारच्या माथी बसतो. पण देशबंदीने हे थांबते का? आयपी पत्त्यावरून तो कोणत्या देशातल्या कंपनीच्या नावे आहे याचा अंदाज येतो. तो वापरणारा माणूस कुठे बसला आहे, ते कळतेच असे नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी, वापरणाऱ्याला दुसऱ्या देशाचा पत्ता घेऊ देणाऱ्या व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवायला सांगितले. तेव्हा एक्सप्रेसव्हीपीएनने इथले सर्व्हर काढले आणि भारतीय पत्ते सिंगापूर व ब्रिटनमधून द्यायला सुरुवात केली. म्हणजे चार पैसे मोजणाऱ्या कुठल्याही स्पॅमवाल्याला भारतीय पत्ता मिळतो. अडतो तो सरळ मार्गाने येणारा खातेदार. इथल्याच व्हायरस लागलेल्या संगणकांतून निघणारा कचरा तर देशी पत्त्यावरूनच येतो.

दूरसंचार विभागाने हाच प्रश्न फोनपुरता नीट हाताळला. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या यंत्रणेने, परदेशातून येऊन भारतीय नंबर दाखवणारे सुमारे 1 कोटी 35 लाख बनावट कॉल पहिल्या 24 तासांत अडवले. दुबईहून आईला केलेला खरा फोन मात्र आजही लागतो. तिथे अडवला तो खोटेपणा, परदेश नव्हे. संकेतस्थळांनाही हाच न्याय लावावा.

म्हणून आमच्या मागण्या :

1. सातबारा, फेरफार आणि नोटिसा पाहण्याची पाने सर्व देशांतून खुली ठेवावीत. गाळणी लावायची ती अर्ज, तक्रार आणि ओटीपी यांच्या रकान्यांना. एका नंबरवर तासाला किती ओटीपी जातील याची मर्यादा घालावी. माणसाला न दिसणारा एक रकाना फॉर्ममध्ये ठेवावा. बॉट तो भरतो आणि आपोआप सापडतो. पान उघडल्यावर दोन सेकंदांत भरून आलेला अर्ज बाजूला काढावा. यातले काहीही खर्चिक नाही.

2. कुणाला अडवलेच, तर तसे मराठीत स्पष्ट लिहावे आणि दाद मागण्यासाठी ईमेल द्यावा.

3. सायबर हल्ल्याचा धोका असेल तेव्हा तात्पुरत्या बंदीला आमची ना नाही. मे 2025 मध्ये एनएसई आणि बीएसई या शेअर बाजारांनीही परदेशातून येणाऱ्यांवर काही काळ निर्बंध घातले होते. मात्र अशा बंदीची सुरुवात आणि शेवट दोन्ही जाहीर व्हावेत आणि त्या काळात निघालेल्या नोटिसांवरील हरकतीची मुदत तितक्याच दिवसांनी वाढवून मिळावी. ही मागणी मान्य होईपर्यंत अशा नोटिसांची एक प्रत परदेशातल्या खातेदाराने दिलेल्या ईमेलवर तलाठी कार्यालयातून पाठवावी.

आपले,
आपटा परिसरातील खातेदार
ता. पनवेल, जि. रायगड