क्षयजंतूची घातक डागडुजी

क्षयाचा जंतू फुप्फुसातल्या ज्या भक्षक पेशीत शिरतो, ती त्याला मारायलाच टपलेली असते. ऑक्सिजन आणि नायट्रोजनच्या जहाल रेणूंचा मारा करून ती त्याचा डीएनए तोडते. तरी जंतू तगतो, कारण तुटलेला डीएनए सांधणारी जनुके त्याच्यापाशी आहेत. त्यांतले ‘डीएनएई-२’ विशेष काळजीचे. डीएनएची नासधूस झाली की ते जागे होते आणि चुका करत दुरुस्ती उरकते. अशी एखादी चूक ‘आरपीओबी’ जनुकात मोक्याच्या जागी पडली, की क्षयावरचे प्रमुख औषध रिफॅम्पिसिन निकामी! २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ‘डीएनएई-२’ काढून टाकलेले जंतू उंदरांत कमी तगले, आणि औषधाला दाद न देणारे जंतूही कमी निपजले. या यंत्रणेला लगाम घालणारे औषध जोडीला मिळाले, तर हाताशी असलेल्या औषधांचे आयुष्य वाढू शकेल. जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे चटके मुंबई वर्षानुवर्षे सोसते आहे. तेव्हा या संशोधनासाठी सरकारने हात सैल सोडलाच पाहिजे. आणि तोवर, गोळ्या संपल्या म्हणून उपचार केंद्रावरून एकही रुग्ण रिकाम्या हाताने परतता कामा नये.