मुलांचा संकल्प आपल्याकडे काय मागतो?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की शाळेत, क्लासमध्ये एक कागद फिरतो. 'नव्या वर्षाचे माझे संकल्प.' मुलं तो भरतात, खाली पालकांची सही होते, कागद फायलीला लागतो. विषय संपला.

या कागदांवर काय असतं ते तुम्हालाही माहीत आहे. ९५ टक्के मिळवणार. पहाटे पाचला उठणार. मोबाइल बंद. आई-बाबांचं ऐकणार. नववीतल्या मुलाचा असो की बारावीतल्या मुलीचा, नाव झाकलं तर कागद कुणाचा हे ओळखता येणार नाही. कारण ते संकल्प मुलांचे नसतातच. ते आपले असतात, फक्त अक्षर त्यांचं.

माझी भाची नववीत आहे. सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका गावात राहते. तिच्या कागदावरही हीच यादी होती. मी तिला एवढंच विचारलं, "हे कुणाला दाखवायचं नाही, सही नाही, मार्क नाहीत, असं असतं तर यातलं काय केलं असतंस?" तिने विचार केला आणि म्हणाली, "मामा, यातलं काहीच नाही. मला पोहायला शिकायचंय."

का, हे विचारायची गरज पडली नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती तिसरीत होती. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटली आणि माणसं गेली. २०२१ ला पुन्हा पूर. नदीकाठच्या मुलीला पोहायला यावंसं वाटणं हा काही छंद नव्हे.

आता घरातली उत्तरं ऐका. आजी म्हणाली, "पोरीच्या जातीला कशाला पवायला?" वडील म्हणाले, "दहावी होऊ दे, मग बघू." आणि खरी अडचण तर पुढेच आहे. गावातल्या विहिरीवर मुलगे पाठीला डबा बांधून शिकतात, मुलींना तिथे कोण येऊ देणार? तलाव शहरात. तिथे जायचं तर एसटीची वेळ जुळली पाहिजे, मुलींसाठी वेगळी वेळ पाहिजे, शिकवायला बाई असली तर घरचे पाठवतील.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. ९५ टक्क्यांचा संकल्प समाजाकडे काहीच मागत नाही. तो फक्त बापाच्या खिशातली फी मागतो. म्हणून तो आपल्या सगळ्यांना इतका आवडतो. ग्रामपंचायतीला काही करावं लागत नाही, शाळेला मैदान द्यावं लागत नाही, घरातल्यांना मत बदलावं लागत नाही. जे काही व्हायचं ते पोरानं एकट्यानं करायचं, आणि नाही झालं तर दोषही त्याचाच.

पण मुलांना त्यांचं स्वतःचं काही विचारून बघा. धावायचंय, तर मैदान लागतं. गोष्टीची पुस्तकं वाचायचीत, तर गावातलं वाचनालय संध्याकाळी उघडं लागतं. सायकलवरून एकटीनं शाळेत जायचंय, तर रस्त्यावर दिवे लागतात. मुलांचा खरा संकल्प ही आपल्यासाठी कामाची यादी असते.

कुणी म्हणेल, मार्क नकोत का? हवेत की. गरीब घरातल्या कित्येक मुली मार्कांच्याच जोरावर बाहेर पडल्या, हे मला मान्य आहे. पण मार्क हा निकाल आहे, संकल्प नाही. २०२४ ला नीटला २३ लाखांहून जास्त मुलं बसली. देशात एमबीबीएसच्या जागा तेव्हा एक लाखाच्या थोड्याच वर. उरलेल्या २२ लाखांनी काय, संकल्प मोडला म्हणायचं? रोज दोन तास गणित सोडवणं त्यांच्या हातात होतं. बाकीची २३ लाख मुलं काय करतील, ते नव्हतं. जे आपल्या हातात नाही त्याचा संकल्प सोडायला लावला, की सतराव्या वर्षी पोराला आपण हरलो असं वाटतं. हे ओझं किती जड होतं ते कोट्याच्या बातम्यांनी आपल्याला दाखवलंय. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नका, अशा मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या काही उगीच नाहीत.

म्हणून मुलांना सांगणं एवढंच. पाच संकल्प नकोत, एक करा. तो असा हवा की आज काय करायचं ते कळेल. 'फिट होणार' नको, 'आठवड्यातून चार दिवस शाळेपर्यंत चालत जाणार' हवं. एखादा आठवडा चुकला तर मोडला म्हणू नका, सोमवारी परत सुरू करा. आणि त्याच कागदावर खाली लिहा: यासाठी मला मोठ्यांकडून काय हवंय. ही ओळ सगळ्यात महत्त्वाची.

ज्यांना सतरा पूर्ण झालीत त्यांच्यासाठी आणखी एक काम. पूर्वी मतदार यादीसाठी फक्त १ जानेवारी हीच तारीख धरायचे. आता वर्षात चार तारखा आहेत आणि सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज भरता येतो. तो भरून टाका. मैदान, तलाव, वाचनालय मागायचं असेल तर मागणाऱ्याचं नाव यादीत असलेलं बरं.

आणि पालकांना, शिक्षकांना, सरपंचांना सांगणं: सही करण्याआधी कागद वाचा. मुलाने खाली काय मागितलंय ते बघा. दिवसातला एक तास मागितला असेल तर तो द्या, 'दहावीनंतर' म्हणू नका. दहावीनंतर बारावी येते, बारावीनंतर सीईटी. पूर मात्र कुणाच्या परीक्षेचं वेळापत्रक बघून येत नाही.