विश्लेषण : आश्रयाचा अर्ज तपासायचा कोणी? युरोपचा ‘डब्लिन’ नियम वादात का?

एखादा अफगाण तरुण समुद्रमार्गे ग्रीसला पोहोचतो, तिथून जर्मनी गाठतो आणि आश्रय मागतो. मायदेशी त्याच्या जिवाला धोका आहे का, हा प्रश्न नंतरचा. आधी ठरते, त्याचा अर्ज कोणत्या देशाने तपासायचा.

नियम काय सांगतो?

१९९० मध्ये डब्लिन येथे झालेल्या करारात या नियमाचे मूळ आहे. एका अर्जाची जबाबदारी एकाच देशावर असावी, हा त्यामागचा हेतू. २०१३ च्या नियमावलीत निकषांचा क्रम आहे. अर्जदार एकटा आलेला अल्पवयीन आहे का, कुटुंबीय कुठे आहेत, व्हिसा कोणी दिला, बेकायदा प्रवेश कोणत्या देशात झाला, हे क्रमाने पाहिले जाते. काहीच लागू नसेल, तर पहिला अर्ज जिथे दाखल झाला, तो देश जबाबदार. बोटांचे ठसे जुळवण्यासाठी २००३ पासून ‘युरोडॅक’ ही यंत्रणा आहे.

अडचण कुठे?

अनेक जण समुद्रमार्गे येत असल्याने ‘पहिला प्रवेश’ हा निकष ग्रीस, इटलीवर भार टाकतो. बेल्जियमने एका अफगाण नागरिकाला ग्रीसला परत पाठवले, तेव्हा तिथल्या हलाखीसाठी २०११ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने दोन्ही देशांना दोषी ठरवले. दुसरी मेख मुदतीची. संबंधित देशाने होकार दिल्यावर साधारणपणे सहा महिन्यांत अर्जदाराला पाठवले नाही, तर जबाबदारी पाठवणाऱ्या देशावरच येते. अर्जदार फरार झाल्यास ही मुदत १८ महिन्यांपर्यंत वाढते. तोवर त्याच्या मूळ दाव्याला कोणी हातही लावत नाही.

सुधारणेने काय साधले?

युरोपीय महासंघाने मे २०२४ मध्ये नवा कायदा मंजूर केला. सीमेवरील देशांना इतरांनी मदत करणे त्यात बंधनकारक आहे. माणसे स्वीकारा, पैसे द्या किंवा अन्य साहाय्य करा. मात्र पहिल्या प्रवेशाचा निकष कायम राहिला. उलट त्या देशाची जबाबदारी १२ ऐवजी २० महिने टिकणार आहे.

म्हणजे भार वाटून घेण्याची सोय झाली, पण तो आधी कोणावर पडणार हे अजूनही नकाशाच ठरवतो. देशांची लोकसंख्या व आर्थिक कुवत पाहून सुरुवातीलाच अर्ज वाटले असते, तर ग्रीस-इटलीची तक्रार मिटली असती. आश्रय मागणाऱ्यालाही ‘कुठून आलास’ याआधी ‘का आलास’ हे विचारले गेले असते.