हुजूर आडवे, रयत उभी!

रविवार सकाळ. तिसरा चहा. टीपॉयवर बारा बाय बाराचा चौकोन, शेजारी उशीएवढी जाडजूड चेंबर्स डिक्शनरी आणि समोर मी... गेले दोन तास चार घरांपुढे हात टेकून बसलेला!

तुम्ही म्हणाल, शब्दकोडंच ना? ठाण्याहून दादर येईपर्यंत सुटतं की! पण मंडळी, हे तसलं कोडं नव्हे. 'विष्णूचं एक नाव' असं विचारून ते तुम्हाला मोकळं सोडत नाही. हे क्रिप्टिक. इथली सूचना बोलते एक आणि तिच्या मनात असतं भलतंच. (ऑफिसातल्या अप्रेझलसारखं!)

मासला म्हणून हे माझं घरगुती उदाहरण घ्या. 'नदी उलटी वाहिली, गरीब झाली.' दोन घरं. आपण लगेच दुष्काळ, धरण, पाणीवाटप असल्या विचारात वाहत जातो. आणि उत्तर काय? 'नदी' उलटी लिहा... 'दीन'. म्हणजेच गरीब! आणखी एक: 'पहिल्या सुरानंतर फळाचा मऊ भाग, समोर समुद्र!' तीन घरं. पहिला सूर 'सा', फळाचा मऊ भाग 'गर'. सागर.

लक्षात आलं? सूचनेच्या एका टोकाला शब्दाचा अर्थ असतो आणि उरलेल्या भागात तो शब्द बनवायची रेसिपी. दोन्हींतला सांधा दिसू द्यायचा नाही, ही कोडं रचणाऱ्याची हुशारी. तो तुम्हाला चकवू शकतो, खोटं मात्र बोलू शकत नाही. म्हणून प्रत्येक उत्तराकडे दोन रस्ते जातात आणि दोन्ही एकाच दारात पोचले तरच उत्तर बरोबर.

शब्दकोडं जन्मलं अमेरिकेत. 21 डिसेंबर 1913 ला न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात आर्थर विन यांनी पहिलं छापलं. पण त्याला हा तिरकसपणा शिकवला इंग्रजांनी. लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये 1926 पासून एक गृहस्थ कोडी रचू लागले, टोपणनाव तोर्केमादा. 1939 मध्ये त्यांच्या जागी झिमेनीस आले आणि 1972 मध्ये अझेड. पहिली दोन नावं स्पेनमधल्या धर्मन्यायालयाच्या बड्या अधिकाऱ्यांची, म्हणजे लोकांचा छळ करण्यासाठी गाजलेल्या मंडळींची! आणि अझेड? तेही त्यांच्यातलेच एक, देझा. फक्त उलटे लिहिलेले. वाचकांचं आपण काय करणार आहोत, हे निदान लपवून तरी ठेवलं नाही.

या जातीच्या कोड्यात काळी घरं नसतात, नुसत्या जाड रेघा. आणि शब्द तर असे, की खुद्द इंग्रजांनाही ठाऊक नसावेत. स्कॉटलंडच्या खेड्यातले, शेक्सपिअरच्या काळात वापरून टाकून दिलेले, जगभरच्या वसाहतींतून उचलून नेलेले. म्हणून तर चेंबर्स हाताशी लागते. गंमत अशी, की इथे सगळा उलटा कारभार. आधी रेसिपीवरून कधीही न ऐकलेला शब्द बनवायचा आणि मग असा प्राणी खरंच अस्तित्वात आहे का, ते डिक्शनरीत बघायचं. तो तिथे सापडतो तेव्हा जे काही वाटतं ना... इन्क्रिमेंट झक मारतं!

मला हे वेड लंडनला ऑनसाइट असताना लागलं. शेजारच्या डेस्कवरच्या म्हाताऱ्या टेस्टरने निघताना जुन्या कोड्यांचं पुस्तक हातात ठेवलं. 'सगळे अडाणी असतात, अशी ही एकच जागा,' असं काहीसं म्हणाला. मला ते फार पटलं. कारण मीटिंगमध्ये कुणी नवं संक्षिप्त रूप फेकलं, की मी लगेच मान डोलावणारा माणूस. 'मला माहीत नाही' हे वाक्य मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यानंतर उच्चारल्याचं आठवत नाही.

तर त्या रविवारची सूचना. मराठीत सांगायची तर, 'हुजूर पक्षवाला कोलमडला, पूर्वेकडचा शेतकरी.' चार घरं, उभा शब्द. हुजूर पक्षवाला म्हणजे 'टोरी'. तो कोलमडला म्हणजे टी, ओ, आर, वाय यांची फिरवाफिरव. दुसरं अक्षर वाय, हे आडव्या शब्दावरून मिळालेलं. मी झोकात लिहिलं, 'टायरो'. म्हणजे नवशिक्या. आता नवशिक्याचा शेतकऱ्याशी काय संबंध? मी स्वतःला पटवलं, की असेल कुणी नवशिका शेतकरी! क्लायंटला पटवतो तसंच. मग आजूबाजूचे तीन शब्द काही केल्या बसेनात.

तेवढ्यात फोनची वेळ झाली. दर रविवारी अकराला मी गावी अण्णांना फोन करतो. पूर्वी आई बोलायची आणि शेवटी 'यांच्याशी बोल' म्हणून फोन द्यायची. आई गेली आणि आमच्यातला तो दुवाच गेला. 'जेवलास का?' 'हो. तुम्ही?' 'हो.' 'पाऊस?' 'आहे.' दोन मिनिटं, फार तर तीन. ठेवताना दोघांनाही सुटल्यासारखं होतं आणि मग मला दिवसभर ते सलत राहतं.

त्या दिवशी अण्णांनी विचारलं, 'काय करतोयस?' मी वैतागलेला होतो, म्हणून खरं ते सांगून टाकलं. कोडं, हुजूर, शेतकरी, सगळं.

'पूर्वेकडचा म्हणजे आपल्याकडचा का?'

'असेल.'

'मग रयत की रे.'

मी हसलो. 'अण्णा, इंग्रजी शब्द हवाय.'

'इंग्रजीतच सांगतोय. आर, वाय, ओ, टी. रयतवारीचे जुने कागद कधी बघितलेस का? साहेब असंच लिहायचा.'

मी चेंबर्स उघडली. होता! अण्णांनी उभा जन्म तलाठी म्हणून काढला, त्याआधी शिकले रयतच्या शाळेत. ज्या शब्दासाठी मी दोन तास इंग्रजीचा कोपरान्‌कोपरा धुंडाळत होतो, तो आमच्या घरातच राहत होता. मी 'टायरो' खोडलं. नवशिक्या नक्की कोण, ते कळलं होतं.

मग मीच विचारलं, 'रयतवारी म्हणजे नेमकं काय हो अण्णा? मला माहीत नाही.' पलीकडे क्षणभर शांतता. आणि मग अण्णा जे सुटले... मध्ये जमीनदार नाही, सरकार आणि शेतकरी यांचा थेट हिशेब. सारा, आणेवारी, जमाबंदी, पावसात सायकल खांद्यावर घेऊन केलेली पीकपाहणी. फोन ठेवला तेव्हा पाऊण तास झाला होता. चहाचं पार पाणी झालं होतं आणि अडलेले तिन्ही शब्द मात्र पाच मिनिटांत बसले.

पुढच्या रविवारी अकराला पाच कमी असताना फोन वाजला. अण्णांचा! त्यांनी आपणहून फोन केल्याला वर्षं झाली असतील.

'हां, लिहून घे. मी एक केलंय. तलाठ्यानं वही उलटी धरली, अंगात थंडी भरली. दोन घरं.'

वही उलटी... ही, व. 'हीव?' मी चाचरत म्हटलं. 'असा शब्द आहे?'

'आहे म्हणजे? हीव भरलं की गोधडी घालायची तुझी आजी तुझ्या अंगावर. बघ तुझ्या त्या डिक्शनरीत.'

त्या डिक्शनरीत कुठला असायला! दुपारी जाऊन मराठी शब्दकोश घेऊन आलो. आता टीपॉयवर दोन उशा आहेत.