लेकरांच्या वारीला पहारा हवा

ज्येष्ठ महिना आला की मुक्ताईनगरहून आदिशक्ती मुक्ताईची पालखी पंढरपुराकडे निघते. अमळनेरहून सखाराम महाराजांच्या गादीची दिंडी निघते. जळगाव-धुळे जिल्ह्यांतील गावोगावच्या दिंड्याही आठवडेच्या आठवडे चालत असतात. अलीकडे या दिंड्यांत पुढच्या रांगेला बालवारकरी दिसतात. गळ्यात टाळ, एखाद्याच्या गळ्यात त्याच्याहून जड मृदंग. पावली अशी टाकतात की म्हाताऱ्याचेही पाय हलतात. पाहणारे म्हणतात, संप्रदायाला उद्याची चिंता नाही. माझा प्रश्न निराळा आहे. रात्री मुक्कामाला ही मुले कोठे निजतात? कोणाच्या शेजारी? त्यांची जबाबदारी नावानिशी कोणावर आहे?

सज्जनहो, प्रश्न कडू आहे, पण तो हवेतला नाही. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली आणि गरिबाच्या पोराला ज्ञानेश्वरीचे दार उघडून दिले. ते उपकार फिटणारे नाहीत. पुढे त्याच आळंदीत कितीतरी खासगी संस्था आणि वसतिगृहे निघाली. त्यांतील काही ठिकाणी मुलांना अमानुष मारहाण झाल्याच्या आणि लैंगिक अत्याचाराच्याही तक्रारी पोलिसांत गेल्या. आळंदीच्या ग्रामस्थांनीच अनधिकृत संस्थांविरुद्ध आवाज उठवला. आपल्या खान्देशातली पोरेही शिकायला तिकडे जातात. तेव्हा हा दुसऱ्याच्या घरचा विषय नव्हे.

यावर पहिले उत्तर येते, “महाराज, असे लिहू नका, संप्रदायाची बदनामी होते.” बदनामी कोण करतो? कुकर्म करणारा की ते सांगणारा? गळ्यातली माळ ही प्रतिज्ञा आहे. ती मोडणाऱ्याला माळेच्याच आड लपवले, तर सगळ्यांच्याच माळेवर डाग पडतो.

दुसरे उत्तर, “आम्हीही मार खाऊनच शिकलो.” खाल्ला, हे खरे. पण हात बसला तो मारामुळे नव्हे, तोच बोल शेकडो वेळा गुरूसमोर वाजवल्यामुळे. मार खाऊन जे टिकले ते आज बोलतात. जे पळून गेले, ज्यांनी मृदंगाला पुन्हा हात लावला नाही, त्यांची गणती कोणी ठेवली आहे काय? बोल चुकला म्हणून बोटांवर छडी आणि पाठांतर राहिले म्हणून उपाशी ठेवणे, याला गुरुकुल म्हणू नये.

तिसरे उत्तर सेवेचे. रात्री महाराजांचे पाय चेपायला एकटे पोर खोलीत बोलवायचे आणि त्याला गुरुसेवा म्हणायचे. ही चाल बंदच झाली पाहिजे. पाय दुखत असतील तर बरोबरीच्या वारकऱ्याकडून चेपून घ्यावेत. “मुलगाच तर आहे, त्याला काय होते?” असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की मुलग्यावरही अत्याचार होतो, आणि तो लाजेने मुलीपेक्षाही कमी बोलतो.

आपण कोणाचे वंशज आहोत? आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावर निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चार लेकरे उघड्यावर पडली. त्यांना छळले ते चोर-दरोडेखोरांनी नव्हे, धर्माचा अधिकार सांगणाऱ्यांनी. मांडे भाजायला मुक्ताईला कुंभाराकडून परळही मिळू दिला नाही, ही कथा प्रत्येक कीर्तनकार सांगतो आणि श्रोते डोळे पुसतात. त्या दिवशी आळंदीतला एखादा वडीलधारा लेकरांच्या बाजूने उभा राहिला, असे मात्र कथेत येत नाही. कोणी म्हणेल, विसोबा पुढे शरण आले. आले. पश्चात्ताप करणाऱ्याला देव पदरात घेईल, पण ज्याने लेकराला नासवले त्याच्या हाती पुन्हा लेकरे द्या, असे कोणत्याही संताने सांगितलेले नाही.

झाकून ठेवल्याने संस्था वाचते, हाही भ्रम आहे. अमेरिकेत तरुण मुलांची संचलन करणारी वाद्यपथके असतात. मुले घर सोडून उन्हाळाभर गावोगाव फिरतात, वाजवतात, एकत्र राहतात. आपल्या दिंडीसारखेच समजा. तेथील ‘द कॅडेट्स’ हे १९३४ सालचे नामांकित पथक. २०१८ साली नऊ महिलांनी त्याच्या संचालकावर आरोप केले आणि त्याला पद सोडावे लागले. पुढे १९८० च्या दशकातल्या अत्याचाराचा दावाही न्यायालयात उभा राहिला, खर्च पेलवेना, आणि २०२४ साली नव्वद वर्षांचे पथक बंद पडले. दाबलेले पाप चाळीस वर्षांनीही वर येते.

कायदा काय म्हणतो तेही दिंडीचालकांनी ऐकावे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात अठरा वर्षांखालील मुलगा आणि मुलगी दोघेही येतात. धार्मिक किंवा शिक्षणसंस्थेच्या चालकाने वा सेवकाने तेथल्या मुलावर अत्याचार केला तर तो अधिक गंभीर गुन्हा ठरतो. कळूनही पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा आहे. हाताखालच्या माणसाचे कृत्य संस्थेच्या प्रमुखाने दडवले, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणून फडावर बैठक बसवून, माफी मागायला लावून, नारळ देऊन प्रकरण मिटवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

दिंडी निघण्यापूर्वी ट्रक, पाण्याचा टँकर, शिधा आणि मुक्काम ठरवायला बैठक होते. त्याच बैठकीत हेही ठरवा. प्रत्येक मुलाचे नाव, वय, पालकांचा फोन वहीत लिहा. मुलांची राहुटी वेगळी, मुलींची वेगळी. पहाऱ्याला एकटा माणूस नको, दोघे हवेत, आणि मुलींकडे दोन्ही स्त्रियाच हव्यात. कोणीही मोठा माणूस मुलाबरोबर बंद दाराआड एकटा राहणार नाही, मग तो वीणेकरी असो, मृदंगाचार्य असो की स्वतः महाराज. स्नानाला आडोसा करा. मुलाने रोज घरी फोन करावा, आणि तो बोलत असताना कोणी शेजारी उभे राहू नये. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक प्रत्येक पोराला हरिपाठासारखा पाठ असू द्या.

आणि आयाबायांनो, पोर घरी आल्यावर किती अभंग पाठ झाले हे मागाहून विचारा. आधी विचारा, “बाळा, तुला तिथे कोणाची भीती वाटते का?” ते गप्प राहिले तर रागावू नका, पुन्हा विचारा. त्याने सांगितले तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. महाराजांचे म्हणणे नंतर पोलीस ऐकतील.

ज्या दिंडीला एवढे जमत नसेल तिने मोठ्या माणसांना घेऊन आनंदाने पंढरीस जावे. लेकरे बरोबर नेऊ नयेत.

रामकृष्ण हरी.