‘करलं’ कुणी शिकवलं?

‘शिकवल्याशिवाय कुणाला काही येत नाही’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलं आहे, की ते तपासून पाहावं असंही कुणाला वाटत नाही. मग तीन वर्षांची मुलगी ‘हे मी करलं’ म्हणते, ते तिला कुणी शिकवलं? नक्कल म्हणावी, तर घरात सगळे ‘केलं’च म्हणतात. ‘बसलं’, ‘काढलं’, ‘पडलं’ ऐकता ऐकता तिनं नियम स्वतःच उचलला आणि तो लागत नाही तिथेही लावला. तिची चूक हाच माझा पहिला पुरावा. हीच मुलगी ‘घोड्याला’ मात्र बरोबर म्हणते; सामान्यरूप हे नाव तिच्या कानी पडायला अजून कितीतरी वर्षं आहेत.

‘बोलणाऱ्या मुलांचं ठीक, तान्ह्याला काय कळतंय?’ हा पुढचा आक्षेप. त्याला 1996 साली सॅफ्रन, ॲस्लिन आणि न्यूपोर्ट या संशोधकांनी उत्तर दिलं. आठ महिन्यांच्या बाळांना त्यांनी दोन मिनिटं यंत्राचा सपाट आवाज ऐकवला. त्यात ‘बिदाकू’, ‘गोलाबू’ असे चार निरर्थक शब्द मध्ये कुठेही न थांबता एकापुढे एक येत होते. ‘बि’नंतर ‘दा’ ठरलेला. ‘कू’नंतर मात्र उरलेल्या तिन्हींपैकी कोणताही शब्द येई. शब्द कुठे संपतो हे सांगणारी खूण एवढीच. नंतर तीच अक्षरं वेगळ्या क्रमानं जुळवून ऐकवली, तेव्हा त्या अनोळखी आवाजांकडे बाळांनी जास्त वेळ कान दिला. पुढच्या प्रयोगात दोन शब्दांच्या सांध्यावरचे तुकडे दिले, तरी फरक त्यांनी ओळखला. दोन मिनिटांत! ना शाबासकी, ना चूक दुरुस्त करणारं कुणी.

ही केवळ माणसाची देणगी, असंही म्हणता येत नाही. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या कोंबडीच्या पिल्लांनी पडद्यावरच्या आकृत्यांचा ठरलेला क्रम विस्कळीत क्रमापासून वेगळा ओळखल्याचं 2016 साली दिसलं आहे. बक्षिसाशिवाय शिक्षण नाही म्हणणाऱ्यांना तर टोलमन आणि हॉन्झिक यांच्या उंदरांनी 1930 सालीच खोटं पाडलं. दहा दिवस ते चक्रव्यूहात नुसते भटकले. अकराव्या दिवशी खाणं ठेवताच त्यांच्या चुका झपाट्यानं कमी झाल्या. वाट त्यांना आधीच ठाऊक झालेली होती.

यात शिक्षकाचं मोल उणावत नाही. लिहिणं-वाचणं शिकवावंच लागतं. पण ‘कळायला लागल्यावर बोलू बाळाशी’ हे मला मुळीच मान्य नाही. न्हाऊ घालताना आजी अखंड बोलत असते, आणि तिचे शब्द कुठे जुळतात, कुठे तुटतात, हे मांडीवरचं बाळ तेव्हाच टिपत असतं.